बाबा, तुमच्या नावावर चित्रांची पुस्तकं काढलीत

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

दादाचा फोन आला होता. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, पट्टी निघाली, डोळ्यात थेंब टाकणं सुरू आहे, सगळं कळलं. हेही कळलं की नवीन चष्मा लागेपर्यंत बारीक अक्षर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यापासून तुम्ही घर डोक्यावर घेतलं आहे. वहिनी पेपर मोठ्यानं वाचून दाखवते, तर तुम्ही तिचे उच्चार सुधारत बसता म्हणे. तिच्या जागी मी असतो तर पेपरच बंद केला असता. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. दादाकडून वाचून घ्या आणि त्याच्या चुका खुशाल काढा.

इकडचं थोडक्यात सांगतो. कापूस बराचसा घरात आला, पण वेचायला बाया मिळता मिळत नाहीत. तूर शेंगांनी वाकली आहे. बांधाकडच्या ओळी रानडुकरांनी झोपवल्या. हरभऱ्याला पाणी द्यायला लाईन रात्रीची असते, त्यामुळे झोपेचं खोबरं झालं आहे. गाय गाभण आहे, आईनं काळजी करू नये.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही निघताना बजावलं होतं, तशी तुमची पुस्तकं वाचनालयात परत करून आलो. चिमी सोबत होती. ग्रंथपाल काकांनी रजिस्टर काढलं, तुमची चौकशी केली, टेबलाशी पेपर वाचत बसलेल्या मंडळींनीही केली, आणि गप्पा लांबल्या. तेवढ्यात पोरगी गायब. पाहतो तर खिडकीखालच्या कपाटाच्या अगदी तळच्या खणासमोर फतकल मारून बसलेली, आजूबाजूला पातळ पातळ पुस्तकं पसरलेली. मी ओरडणार होतो. काका म्हणाले, “राहू दे बापू, तो खण कोणी उघडतच नाही. धूळ तरी झटकली जाईल.”

बाबा, या वाचनालयाला 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली ‘ड’ वर्गाची मान्यता मिळावी म्हणून तुम्ही वर्ध्याला किती चपला झिजवल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिथल्या कादंबऱ्या, चरित्रं तुम्हाला पाठ आहेत. पण तो तळचा खण तुम्हीही कधी पाहिला नसणार, याची मला खात्री आहे. कारण चित्रं पाहणं म्हणजे वाचणं नव्हे, हा तुमचा बाणा. मला चांगलं आठवतं, पानावर चित्र आलं की तुम्ही त्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, आधी मजकूर.

त्या खणात काय काय निघालं म्हणून सांगू. काहींवर कलकत्त्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का, म्हणजे अनुदानात आलेली. नॅशनल बुक ट्रस्टची होती, दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची होती. ही दुसरी संस्था 1957 साली शंकर यांनी काढली, ज्यांची व्यंगचित्रं तुम्हाला आवडायची तेच. बरीचशी हिंदीत, पण आपल्याकडे हिंदीचं कोणाला काय अडतं? काही अगदी टाकाऊही होती. भडक रंग, गाढवासारखा घोडा आणि शेवटच्या पानावर तात्पर्य. ती चिमीनं स्वतःच बाजूला सारली, मला सांगावं लागलं नाही.

तिनं पहिलं उचललं ते ‘महागिरी’. हेमलता यांनी लिहिलेलं, चित्रं पुलक विश्वास यांची. महागिरी हा हत्ती. त्याला खड्ड्यात खांब रोवायला सांगतात आणि तो काही केल्या रोवत नाही. माहूत मारतो, तरी नाही. शेवटी हत्ती पिसाळतो, माणसं पळून जातात. कोणी उरलं नाही, तेव्हा तो सोंड खड्ड्यात घालतो आणि आतून मांजराचं पिल्लू बाहेर काढतो. मग मुकाट खांब रोवून देतो. संपलं. मी वाचनालयाच्या फरशीवर उकिडवा बसून हे वाचलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. चिमीचा प्रश्न एकच होता, “थ्या माणसानं आधी वाकून काऊन नाही पाह्यलं?” तुम्ही शाळेत इतकी वर्षं काढली, या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच तिला द्या.

आणि दुसरं तर खास तुमच्यासाठी. फर्डिनांड नावाच्या बैलाची गोष्ट, हिंदीत आहे. मूळ इंग्रजी पुस्तक 1936 सालचं, मन्रो लीफ यांचं, चित्रं रॉबर्ट लॉसन यांची. स्पेनमधला गोऱ्हा. बाकीचे गोऱ्हे दिवसभर टकरा घेतात, हा आपला बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. आई विचारते, तुला एकटं वाटत नाही का रे? तो म्हणतो, मला हेच बरं वाटतं. ती गाय असली तरी शहाणी होती, म्हणून तिनं त्याला तसंच बसू दिलं. (आई, हे वाक्य दादाला दोनदा वाचायला लाव. मला पहाटे पाच वाजता उठवून अभ्यासाला बसवणाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे.) पुढे झुंजीसाठी बैल निवडायला पाच माणसं येतात, फर्डिनांड नेमका मधमाशीवर बसतो, ती डंख मारते आणि तो असा उधळतो की त्या पाचांना वाटतं, हाच तो. त्याला माद्रिदच्या मैदानात उभा करतात. सगळे भाले-तलवारी घेऊन सज्ज. हा मात्र बायकांच्या केसांतली फुलं पाहतो आणि मैदानाच्या मधोमध वास घेत बसतो. आता काय करणार? परत नेऊन सोडतात.

बाबा, यात रंगाचा एक ठिपका नाही, नुसत्या काळ्या रेघा. पण तुमच्या भाषेत सांगायचं तर मजकूर चित्रातच आहे. बुचाचं झाड काढलंय, त्याला चक्क बाटलीची बुचं फळांसारखी घोसाघोसानं लटकलेली. शब्दांत कुठे लिहिलेलं नाही. नुसता मजकूर वाचणाऱ्याच्या हाती ही गंमत लागतच नाही, आणि चिमीला ती माझ्या आधी दिसली. शिवाय तिनं विचारलं, “याची वेसण कुठी हाये?” खरंच नाही. आपण पोळ्याला बैल सजवतो, झूल घालतो, बाशिंग बांधतो, पण वेसण काही काढत नाही. यावर मी काय बोलणार. तान्ह्या पोळ्याला तुम्ही आर्वीहून आणलेला तिचा लाकडी बैल आठवतो ना? त्याच्या नाकातली सुतळी तिनं त्याच रात्री ओढून काढली आणि आता त्याच्यापुढे रोज झेंडूचं फूल ठेवते.

हे बैलाचं पुस्तक इतकं साधं, तरी हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी होती. त्या देशात यादवी पेटली त्याच वर्षी ते निघालं आणि न लढणारा बैल मोठ्या माणसांना झोंबला. पोरांची पुस्तकं म्हणून तुम्ही नाक मुरडता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमची आणखी एक तक्रार मला आत्ताच ऐकू येते आहे, एवढ्याशा पानांत काय असणार. मोजली तर बरीचशी बत्तीस पानांची निघाली. त्याचं कारण छापखान्यात आहे. मोठ्या कागदावर एका बाजूला सोळा आणि दुसऱ्या बाजूला सोळा पानं छापायची, घडी घालून कापायची, की पुस्तक तयार. त्यातच नाव-गाव, त्यातच गोष्ट. म्हणून लिहिणारा एक शब्द वाया घालवत नाही आणि नेमक्या जागी पान उलटायला लावतो. फर्डिनांड मधमाशीवर बसतो आणि उधळतो, त्याच्या मधे फक्त पान उलटण्याचा वेळ आहे. मी रोज तिथे थांबतो आणि पोरगी मला चापट्या मारते.

मराठीतली तिथे कमी आहेत, याचं वाईट वाटलं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मात्र सापडलं, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचं. लिहिणारी आणि चित्र काढणारी बाई एकच, त्यामुळे दोन्ही हातात हात घालून चालतात. घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक. भाषा अगदी घरातली आहे, पण पुण्याच्या घरातली, म्हणून रात्री मी ते वऱ्हाडीत करून वाचतो. चिमीची आई हसते. हसू दे.

आई, आता तुझ्यासाठी. “मले कुठी वाचता येते” हे तुझं पालुपद या पुस्तकांपुढे चालणार नाही. चौथीनंतर तुझी अक्षरं पुसली असतील, डोळे तर शाबूत आहेत. महागिरीची पानं उलटत जा, दादाला विचारूही नको. तुला जी गोष्ट दिसेल ती चिमीला फोनवर सांग. ती माझ्यासारखीच निघाली पाहिजे असं काही नाही.

दादाला म्हणावं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर मोबाईलवर उघड, पोरांच्या पुस्तकांची वेबसाईट आहे. 2015 पासून आहे, फुकट आहे, मराठीतली भरपूर सापडतात. पातळी एक ते चार असे टप्पे आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एखादंच वाक्य, तेही ठळक अक्षरात. बाबा, डॉक्टरांनी मनाई केली ती बारीक अक्षराला. ही अक्षरं आपल्या दारावरच्या शुभ-लाभ एवढी आहेत. तरी मोबाईलला डोळे लावून बसू नका, वहिनीला धरू द्या. रविवारी संध्याकाळी तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे एकच पुस्तक उघडू, पानं चिमी उलटवेल.

महागिरी आणि फर्डिनांड पाठवतो आहे. शेजारचे काका मंगळवारी तपासणीसाठी तिकडे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात येणार आहेत, ते घरी आणून देतील. दोन्ही तुमच्याच खात्यावर काढली. रजिस्टरात निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावासमोर बैलाचं पुस्तक लिहिताना काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “गुरुजींले माहीत हाये ना?” मी हो म्हणून टाकलं. तेव्हा वेळेत परत पाठवा, नाहीतर दंड तुमच्या नावावर पडेल. आणि फर्डिनांड कसा वाटला ते कळवा, पण आधी चित्रं पाहून.

थेंब वेळेवर टाकत जा. डोळा चोळू नका. आई, येताना वहिनीकडून तिळाचा डबा परत आण, संक्रांत तोंडावर आली.

चिमीचा आजीला आणि आबाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचा,
धाकटा