पुळणीवरच्या ताई-दादांना

मुलांनो,

तुमचे दहावीचे क्लास सुरू झाले आणि जिथे तुम्ही दर शनिवारी आमच्या लहानग्यांना खेळवत खाण्यापिण्याचं शिकवायचात, ती पुळण ओस पडली. वाटेत भेटलात की मी नुसतं "बरे असात मां?" विचारते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण माझी चूकही सगळ्यांसमोरच झाली होती.

माझा मुलगा दुसरीत, अंगाने गोल. वाडीत सगळे त्याला 'ढब्बू' म्हणायचे, मीही. लाडाने हो! पहिल्याच शनिवारी त्याला सोडायला आले आणि ओरडले, "ए ढब्बू, पाण्याची बाटली विसरलास!" तुमच्यातली दोन वेण्यांची मुलगी हळूच जवळ आली. "काकी, इथे आम्ही सगळ्यांना नावानेच हाक मारतो." एवढंच बोलली आणि लगोरी रचायला गेली. खोटं कशाला सांगू, मला रागच आला. एवढीशी पोर मला शिकवते? पण संध्याकाळी चिरंजीवांनी विचारलं, "आये, ताईन तुका काय सांगल्यान?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात ढब्बू ही फक्त मिरची.

पुढे कुणा पालकाने वजनकाटा आणायचं सुचवलं, तेव्हाही तुम्ही नाही म्हणालात. त्याबद्दल वेगळे आभार.

साखरेचा तो शनिवार तर मी गडग्यावर बसून पूर्ण पाहिला. नुकतं मिसरूड फुटलेल्या दादाने थंड पेयाची रिकामी बाटली आणली होती. 250 मिलीची. शंभर मिलीला 11 ग्रॅम साखर, हे पोरांकडूनच वाचून घेतलं, वाळूत काटकीने गुणाकार करवला आणि मग ग्लासात पाच ग्रॅमच्या चमच्याने साखर घालायला लागला. पाच चमचे झाले, वर अर्धा. "मुंगळे येतले!" कुणीतरी किंचाळलं. दादा म्हणाला, "ही बाटली काल मीच प्यायलो." पोरं खो खो हसली. माझ्या मते तुमचं ऐकलं जातं ते यामुळेच. आम्ही मोठी माणसं चहात तीन चमचे घालून मुलांना गोड खाऊ नका सांगतो.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान 60 मिनिटं अंग घामेजेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हे मला तुमच्या तक्त्यावरून कळलं. मुलांना मात्र तुम्ही ते सांगतही बसला नाहीत. आट्यापाट्या, लंगडी, खो-खो. दमून आलेलं पोर पानावर बसलं की नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी मुकाट्याने जाते. सासूबाई अजून फुगून आहेत. "मी वरसभर सांगलंय तेवा नाय खाल्ल्यान!" शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे नातवाने त्यांना ऐकवलं, तेव्हा तर विचारूच नका.

सगळं सुधारलंय असं नाही. पाच रुपयांचं पाकीट आठवड्यातून एकदा येतंच. आणि एका बाबतीत तुम्ही मला अडचणीत टाकलंत. "जत्रेतलं गोड खाजं खुशाल खा, जत्रा वर्षातून एकदाच असते," असं तुमच्यातलं कोण म्हणालं? कार्तिकापासून आजूबाजूच्या गावांत एकामागून एक जत्रा. आमच्याकडे बोटं मोजून हिशेब झालाय, की प्रत्येक गावची जत्रा वर्षातून एकदाच असते.

तुमच्या लगोरीच्या सात ठिकऱ्या आमच्या खळ्यात आहेत. जुन्या कौलाच्या त्या, एक फुटली होती, तिच्या जागी माझ्या मुलाने दुसरी घासून बनवलीय. क्लास सुटला की न्यायला या. येताना आधी कळवा, म्हणजे तारल्यांची मासळी आणून ठेवते. जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
दुसरीतल्या एका गड्याची आई