मायच्या डब्याबद्दल, ताई आणि अण्णांना

आदरणीय ताई आणि अण्णा,

नमस्कार. मागच्या खेपेला, जिथून तुम्ही गरजूंना घरोघरी डबे पाठवता, त्या तुमच्या शेडवर आले, तेव्हा बरंच बोलायचं ठरवून आले होते. ताईंनी चहाचा कप पुढे केला आणि मला रडूच आलं. राहिलेलं आता लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण मायला ज्यांनी ज्यांनी दारातून परत पाठवलं त्यांच्याही हे वाचनात आलं तर बरंच आहे. तुमची नावं मात्र घालत नाही. तुम्ही वर्तमानपत्रवाल्यालासुद्धा फोटो काढू दिला नव्हता, मी कोण?

मी लग्न होऊन सुरतला, उधन्यात. आमच्याकडची निम्मी माणसं तिकडंच पोटाला लागलेली. माय धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावी, एकटी. आता कुणी विचारेल, लेक कमावती असताना आई उपाशी कशी? ज्याला खान्देशातल्या म्हाताऱ्या ठाऊक आहेत तो हे विचारणार नाही. लेकीच्या घरच्या पैशाला ती हात लावत नाही. मी पाठवलेले पैसे नातवाच्या नावानं पोस्टात टाकते आणि मी गेले की पासबुक माझ्यासमोर धरते, हिशोब दिल्यासारखं. तिचं सगळं चालायचं रेशनच्या महिन्याच्या पाच किलोवर आणि परसातल्या गिलक्या-वांग्यांवर. पाच किलो म्हणजे दिवसाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ते तिच्या हक्काचं, जानेवारी 2023 पासून तर फुकट. नेमकं तेच बंद पडलं.

कारण काय, तर अंगठा लागत नाही. मशीनवाला म्हणाला, "आजी, तुमचा अंगठाच झिजलाय." झिजेल नाही तर काय होईल? उभा जन्म कापूस वेचण्यात आणि मिरच्यांचे देठ खुडण्यात गेला. मग नेहमीचं सुरू झालं. सर्व्हर नाही, साहेब नाहीत, नवीन आधार काढा, मुलाला घेऊन या. मुलगा नाही म्हटल्यावर खुर्चीवरचा माणूस म्हणतो, "मग कुणालाही आणा." अंगठा जुळला नाही एवढ्यावरून कुणाचं धान्य अडवू नका, असं केंद्रानं 2017 मध्येच राज्यांना लेखी कळवलंय, हे मला अण्णांकडून कळलं. त्या खुर्चीतल्या माणसाला ते माहीत नव्हतं की माहीत असून सांगायचा कंटाळा होता, देव जाणे. शहरात शिवभोजन थाळी आहे, 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली, 10 रुपयांत पोटभर, योजना चांगलीच आहे. पण थाळी शहरात आणि म्हातारी गावात. एसटी फुकट झाली तरी पायरी चढायला गुडघे लागतातच ना.

मधल्या काळात दान करणारे आले नाहीत असं नाही. दिवाळीत किट वाटणारे आले. पिशवीवर चेहरा एवढा मोठा की आतलं सामान त्यापुढं लाजावं. बायांना शाळेच्या पटांगणात उन्हात बसवून ठेवलं, पाहुणे आपल्या सवडीनं आले. मायनं सवयीनं पदर पुढं ओढला तर एक पोरगा म्हणाला, "आजी, तोंड दिसू द्या, फोटो काढायचाय." ती उठून घरी आली. किट घेतलंच नाही. गावात बोभाटा झाला की म्हातारीला मस्ती आलीय. भाऊबंदांपैकी एकानं तर मला फोनवर सुनावलं, "या वयात माणसाला भूक लागतेच किती?" हे वाक्य मी विसरणार नाही, आणि तो हे वाचत असेल तर त्यानंही विसरू नये.

तुम्हाला मायचं कुणी सांगितलं, ते अजून मला माहीत नाही. शेजारची कुणी असेल. ताई पहिल्यांदा डबा घेऊन गेल्या तेव्हा मायनं दार अर्धंच उघडलं होतं म्हणे. ताईंनी तिथंच उभ्यानं विचारलं, "माय, जेवण व्हयनं का?" आमच्याच अहिराणी बोलीत विचारलं म्हणून ती आत घेऊन गेली, नाहीतर तुम्हालाही किटवाल्यांच्या रांगेत बसवलं असतं.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

तीन-चार दिवस तिनं मुकाट्यानं डबा खाल्ला. मग एक दिवस अण्णा रिकामा डबा घ्यायला आले तर त्यांच्यावरच घसरली. "हाई काय भाजी शे? ना तिखट, ना मीठ. पोयी माले चावत नही." हे मला तिनंच फोनवर सांगितलं आणि माझा जीव खाली-वर झाला. म्हटलं, आता यांचा डबाही बंद होणार. फुकटचं खायचं आणि वर नावं ठेवायची! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मिळतंय ते खा, आजी. मीसुद्धा तिला तेच म्हणायला निघाले होते.

अण्णा, तुम्ही खिशातून वही काढली. हसला नाहीत, समजूत घालत बसला नाहीत. तिच्यासमोर लिहून घेतलंत: पोळी नको, भाकरी. मीठ थोडं जास्त. आणि विचारलंत, "मिरची कशी पाहिजे माय, हिरवी का लाल?"

दुसऱ्या दिवशी डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आली आणि कागदाच्या पुडीत दोन हिरव्या मिरच्या, तव्यावर परतलेल्या, मीठ लावलेल्या. त्या संध्याकाळी मायचा फोन आला. आवाज आमच्या जुन्या मायचा, शेजारणीशी भांडणाऱ्या, बाजारात भेंडी मोडून बघणाऱ्या बाईचा. कित्येक महिने ती फोनवर "हो", "बरं", "ठीक आहे" एवढंच बोलत होती. त्या दिवशी भाकरी कडेला थोडी जाड होती यावरच तिनं पाच मिनिटं घेतली. मी इकडं गॅस बंद करून ऐकत बसले.

माणूस गरीब झाला की पहिल्यांदा त्याची आवडनिवड जाते. कुणी विचारत नाही आणि मग तोही सांगेनासा होतो. देणारा मोठा, घेणाऱ्यानं मान खाली घालायची, असंच आपल्याकडं चालत आलंय. तुमच्या वहीत मी पानं चाळून पाहिली, रागावू नका. एका आजोबांना भात कोरडा लागतो. एकीला गुरुवारी कांदा चालत नाही. कुणाला वरण घट्ट, कुणाला पातळ. इतक्या घरांचं तुम्ही दोघं आणि त्या चार बाया कसं सांभाळता ते मला समजत नाही. मी घरात चौघांचं करते, तरी वैतागते.

शेडवर बसले असताना आणखी एक बघितलं. एका लग्नघरातून फोन आला, खूप उरलंय, घेऊन जा. ताईंनी विचारलं, पंगत उठून किती वेळ झाला? उत्तर ऐकून सरळ नाही म्हणाल्या. मे महिन्यात आमच्याकडं पारा 40 च्या वर जातो, दुपारपर्यंत वरणाला वास येतो. स्वतःच्या पोराला जे वाढणार नाही ते दुसऱ्याच्या डब्यात घालायचं नाही, एवढं साधं. तो लग्नवाला चिडला असेल. चिडू दे. उलट खळ्यावरून दादर ज्वारी आणून टाकणारा तो शेतकरी पोतं उतरवून पाणी पिऊन निघून गेला, पावतीसुद्धा मागितली नाही. अशीही माणसं आपल्याकडं आहेत, आणि ती नेहमी घाईतच असतात.

दिवाळीनंतर कोयता घेऊन धुळे-नंदुरबारकडची कितीतरी घरं गुजरातच्या साखर कारखान्यांकडं जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. तेव्हा तुमचे डबे वाढतात, असं ताई म्हणाल्या. यंदा त्या महिन्यांची मिरची आणि तेल माझ्याकडून. बोर्डावर नाव लिहायचं नाही, नाहीतर मायला कळेल आणि लेकीच्या पैशाचा डबा म्हणून ती जेवणच सोडेल.

मायचं रेशन तुम्ही परत सुरू करून दिलंत. त्याच्या खटपटी मी इथं सांगत बसत नाही, अण्णांच्या चपला बघितल्या तरी कळतं. आता ती स्वतः रांधते, तरी आठवड्यातून दोनदा डबा तिनं मुद्दाम ठेवलाय. मी कारण विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी चव बिघडी तर कोन सांगी?"

तेव्हा ताई, तिचा निरोप आहे: गिलक्याच्या भाजीत दाण्याचा कूट कमी पडतोय. आणि अण्णांनी उन्हात टोपी घालावी, हा माझा.

तुमची,
उधन्याची लेक