स्पॅनिशची अट आणि प्लेसमेंटचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्या मुलांच्या तयारीविषयी प्रवेश, व्हिसा, फी, राहण्याची सोय असं सगळं छापून येतं. परकीय भाषेच्या अटीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ही अट दुर्लक्षित राहिली, तर शेवटच्या वर्षी पदवीच अडकून पडते.

तिथल्या अनेक विद्यापीठांत, विशेषतः कला आणि विज्ञानाच्या कॉलेजांत, एका परकीय भाषेत ठरावीक पातळी गाठावीच लागते, मग मुख्य विषय अर्थशास्त्र असो की जीवशास्त्र. इंजिनीअरिंगला बहुधा ही अट नसते. कॉम्प्युटर सायन्सला ती लागू होते की नाही, हे तो विषय कोणत्या कॉलेजाच्या अखत्यारीत येतो यावर अवलंबून असतं. बरीच मुलं स्पॅनिश घेतात, कारण तिचे वर्ग सर्वांत जास्त असतात आणि वेळापत्रकात बसतात. ही पातळी कुठे दोन सेमिस्टरांची, कुठे तीन, तर पुष्कळ ठिकाणी चार सेमिस्टरांची असते. चारची असेल तर साधारण 101, 102, 201, 202 अशा क्रमांकांच्या कोर्सची साखळी असते. पहिल्या वर्षाचे कोर्स बहुधा 4 किंवा 5 क्रेडिटचे असतात आणि एक झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. म्हणजे शून्यापासून सुरुवात करणाऱ्याची दोन पूर्ण वर्षं त्यात जातात. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर जाग आली, तर हिशेब जुळतच नाही.

ज्यांनी शाळेत किंवा क्लासला स्पॅनिश केलं आहे, त्यांच्यासाठी कोणत्या कोर्सपासून सुरुवात करायची हे ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट असते, आणि सगळ्यात मोठा गैरसमज तिच्याबद्दलच आहे. 201 मध्ये प्लेसमेंट मिळालं याचा अर्थ एवढाच, की 101 आणि 102 न करता 201 ला बसायची परवानगी मिळाली. अट चार सेमिस्टरांची असेल, तर ती पूर्ण होण्यासाठी 201 आणि 202 करावेच लागतात. सोडलेल्या कोर्सचे क्रेडिटही आपोआप मिळत नाहीत. काही विद्यापीठं वरचा कोर्स चांगल्या ग्रेडने पास झाल्यावर मागचे क्रेडिट देतात, पण त्याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. एपी स्पॅनिश किंवा क्लेप या अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या परीक्षांवर क्रेडिट मिळू शकतं, पण किती गुणांना किती, हे ते ते विद्यापीठच ठरवतं. देले या स्पॅनिशच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचं प्रमाणपत्र हातात असलं, तरी ते चालेल असं गृहीत धरू नये. आधी लेखी विचारून घ्यावं.

टेस्ट बऱ्याच ठिकाणी घरबसल्या ऑनलाइन देता येते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. शेजारी भाषांतराचं ॲप उघडं ठेवलं, तर मूल थेट 202 मध्ये जाऊन पडतं. तिथे पहिल्या दिवसापासून शिक्षक स्पॅनिशमध्येच बोलतात आणि पहिल्या आठवड्यातच परिच्छेद लिहायला देतात. मग कोर्स सोडण्याची वेळ येते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट ठेवावे लागतात. 4 क्रेडिट एकदम गेले तर व्हिसाचं दुखणं मागे लागतं, म्हणून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कोर्स सोडू नये. याउलट, सोप्या ग्रेडच्या आशेने मुद्दाम चुकीची उत्तरं देणंही तोट्याचं, कारण एक-दोन सेमिस्टर फुकट जातात. दोन-तीन आठवडे क्रियापदांची उजळणी करून, कोणाच्याही मदतीशिवाय टेस्ट द्यावी. पुन्हा देण्यावर बहुधा बंधन असतं आणि निकालालाही मुदत असू शकते.

मराठी मुलांना स्पॅनिशची भीती वाटायचं कारण नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस' ही वाक्यं इंग्रजीतून शिकणाऱ्याला छळतात. आपण मात्र 'मला पुस्तक आवडतं', 'मला पुस्तकं आवडतात' असंच बोलतो. क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. 201 मध्ये अनेकांना अडवणारा सबजंक्टिव्हही (इच्छा, शंका अशा वेळी येणारं क्रियापदाचं रूप) 'तू यावंस' मधल्या 'यावंस'शी ताडून पाहिला की बराचसा उलगडतो. 'खाल्लं' आणि 'खायचो' यांतला फरक कळणाऱ्याला दोन भूतकाळांचं मर्म समजावून सांगावं लागत नाही. आपण अडखळतो ते 'आहे'वर. 'एस लिस्ता' म्हणजे ती हुशार आहे आणि 'एस्ता लिस्ता' म्हणजे ती तयार आहे. दोन्हीकडे आपला 'आहे' एकच असल्यामुळे तिथे जास्त सराव लागतो. हा सगळा सराव इंग्रजीला मध्ये न आणता मराठीतूनच करावा.

काही विद्यापीठं मातृभाषेच्या आधारावरही ही अट पूर्ण झाल्याचं मानतात. कुठे इंग्रजीखेरीज अन्य माध्यमातल्या शालेय शिक्षणाचा पुरावा लागतो, कुठे परीक्षा द्यावी लागते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी नुसत्या घरी बोलल्या जाणाऱ्या मराठीवर विसंबू नये. पण स्पॅनिशला नाव घालण्याआधी हा प्रश्न सल्लागाराला जरूर विचारावा.

दोन कोर्समध्ये खंड मात्र पडू देऊ नये. 102 नंतर वर्षभर थांबलेल्या मुलाला 201 जड जातं. तसंच अटीत मोजला जाणारा कोर्स ग्रेडसह घ्यावा लागतो की पास-नापास चालतो, आणि किमान सी लागतो का, हेही पाहावं. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, कोर्स करायचा असेल, तर तो आपल्या विद्यापीठातल्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा धरला जाईल, याची मंजुरी फी भरण्याआधी घ्यावी. 'स्पॅनिश 2' हे नाव सारखं असलं, तरी पातळी सारखी असेलच असं नाही. काही विद्यापीठांत सेमिस्टरऐवजी क्वार्टर असतात; तिथे साधारण तीन क्वार्टर म्हणजे दोन सेमिस्टर, हेही ध्यानात ठेवावं.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत या अटीला जागा मिळावी, ही विनंती. तोवर पालकांनी मुलांना एवढं तरी सांगावं: दर सेमिस्टरअखेर ऑनलाइन डिग्री ऑडिट (पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणारी यादी) उघडायचं आणि भाषेच्या ओळीसमोर काय लिहिलंय ते बघायचं. परीक्षेचे गुण पाठवले असूनही तिथे 'अपूर्ण' दिसत असेल, तर त्याच आठवड्यात रजिस्ट्रारच्या कार्यालयात जायचं.

आपला,
एक वाचक