भोंगा वाजला तेव्हा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोनवर मी तुमच्याशी खोटं बोलले. "थोडी तांत्रिक अडचण होती, म्हणून नागपूरला उतरलो," एवढंच सांगितलं. आईचा आवाज कापरा झाला आणि पुढचं सांगायचा धीर होईना. आता सगळं लिहिते.

दिल्लीहून बंगळूरला निघालो होतो, मी सहवैमानिकाच्या जागेवर, उंची ३५,००० फूट. तिथली बाहेरची हवा इतकी विरळ असते की त्यात माणूस अर्ध्या-एक मिनिटात भान हरपतो. म्हणून इंजिनांकडून दाबाची हवा सतत आत घेतात आणि शेपटाकडच्या एका झडपेतून हवी तेवढीच बाहेर सोडतात. त्यामुळे आत जास्तीत जास्त ८,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवर बसल्यासारखं असतं. आमच्या त्या झडपेचं नियंत्रण बिघडलं.

आधी कानांना दडे बसले. पाहते तर केबिनच्या उंचीचा काटा वर सरकतोय. १०,००० ओलांडले आणि भोंगा वाजला.

बाबा, तुम्ही सांगता ना, सोलापुरात नुसत्या भोंग्यावरून कुठली मिल, कुठली पाळी हे पोरंसुद्धा ओळखायची. आमचा भोंगा तसा नाही. हाच आवाज जमिनीवर, उड्डाणाआधी, वेगळ्याच चुकीसाठी वाजतो. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या विमानात दाबाची कळ मॅन्युअलवर, म्हणजे हाताने चालवायच्या स्थितीवर, राहून गेली होती. भोंगा वाजला, पण वैमानिकांना तो दुसराच इशारा वाटला. ते उलगडा करत बसले आणि तेवढ्यात शुद्ध गेली. १२१ माणसं गेली. हा अपघात शिकवला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

म्हणून मंगळवारी हात आधी मास्ककडे गेला. रबराचा वास, नाकाच्या हाडावर घट्ट दाब, आणि कानात कॅप्टनचा आवाज, "ऐकू येतंय?" मी म्हणाले, "हो." दोघं शुद्धीवर आहोत एवढं नक्की झालं, मग बाकीचं. झडप हाताने बंद करून पाहिली, ऐकेना. मेडे, म्हणजे संकटाचा संदेश दिला, इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी ताकदीवर घेतली, पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले आणि १०,००० फुटांवर आलो. पाचेक मिनिटं लागली. तिथले डोंगर बुटके म्हणून सरळ खाली येता आलं. हिमालयावर असतो तर एवढं सोपं नव्हतं.

नागपूरला उतरल्यावर मागे गेले. सगळीकडे पिवळे मास्क लोंबत होते. एका आजींचा मास्क मांडीवर तसाच पडलेला, शेजारच्या नातवाचा पट्टा मात्र नीट ओढून बसवलेला. आजींना भोवळ आली होती. पाणी पिऊन बऱ्या झाल्या. पण आई, मला तिथे तूच दिसलीस. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली कडक भाकरी घेऊन चुलीजवळ बसणारी.

गड्ड्याची जत्रा झाली की तुम्ही दादाकडे विमानाने जाणार आहात, म्हणून आई, नीट वाच. मास्क खाली आला की जोरात ओढायचा. ओढल्याशिवाय वरच्या डब्यातली रासायनिक क्रिया सुरू होत नाही. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. जळका वास आला तर तो डबा तापल्याचा असतो, घाबरायचं नाही. साधारण १२ मिनिटं पुरतो, तोवर विमान खाली आलेलं असतं. आणि आधी तुझा मास्क, मग बाबांचा. बाबांच्या आधी स्वतःला लावताना तुझा हात अडेल, मला माहीत आहे. पण तूच शुद्ध हरपलीस तर त्यांना कोण लावणार?

गड्ड्याला मला रजा मिळाली आहे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला घरीच असेन. येताना सरावाचा मास्क मागून आणते. दोघांकडून तीन-तीनदा करून घेणार आहे. आधी आई.

तुमची,
लेक