सोरॉरिटीत जावे की नाही : मुक्तास पत्र

पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या अमेरिकेतल्या विद्यापीठात जानेवारीत होणाऱ्या सोरॉरिटी भरतीसाठी, म्हणजे निवडून सदस्य घेणाऱ्या विद्यार्थिनींच्या मंडळांच्या भरतीसाठी, नाव नोंदवावे का, हा तुझा प्रश्न बाबांनी फोनवर हसण्यावारी नेला, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात आपली चार हक्काची माणसे असावीत असे वाटण्यात वावगे काहीच नाही. या संस्था त्याच गरजेतून उभ्या राहिल्या. १८७० मध्ये इंडियानातल्या एका कॉलेजात कापा अल्फा थीटा ही सोरॉरिटी स्थापन झाली, तेव्हा तिथे मुलींना प्रवेश मिळून जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि मुलांच्या मंडळांत त्यांना स्थान नव्हते.

मला खटकते ती निवडीची रीत. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत आमचा गट जमला तो काम करता करता. कोणी नेपथ्य उचलत होते, कोणी दुसऱ्याचे संवाद पाठ करून घेत होते, आणि महिनाभरात कोण कसे आहे ते न विचारता कळले. तुमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी प्रत्येक घरी, म्हणजे एकेका सोरॉरिटीच्या शाखेत, काही मिनिटांच्या गप्पा, मग सदस्य मुलींचे आपसांत मतदान, आणि ओळख त्यानंतर. त्या मतदानात सगळे तुझ्या गुणांवर ठरते असेही नाही. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने उघडकीस आणले होते की कृष्णवर्णीय मुलीला घ्यायची सदस्य मुलींची तयारी असतानाही माजी सदस्यांच्या दबावामुळे तिला नाकारण्यात आले. तेव्हा एखाद्या घराने पुढच्या फेरीच्या यादीतून तुझे नाव वगळले, तर त्यावरून स्वतःबद्दल निष्कर्ष काढत बसू नकोस.

खरे जपायचे आहे ते शेवटच्या फेरीनंतर. त्या संध्याकाळी एक करार पुढे येतो आणि ज्या घरांत जायची तयारी आहे त्यांची नावे पसंतीक्रमाने लिहून सही करायची असते. यादीतल्या कोणत्याही घराकडून बिड, म्हणजे सदस्य होण्याचे आमंत्रण, आले आणि तू ते नाकारलेस, तर राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषद या सोरॉरिटींच्या देशव्यापी संघटनेच्या २६ संस्थांपैकी त्या कॅम्पसवर असलेल्या कोणत्याही संस्थेत पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत तुला जाता येत नाही. काही मुली, यादी रिकामी दिसू नये म्हणून, मनात नसलेले नावही खाली लिहून टाकतात. दिवसभर उंच टाचांवर उभे राहून, हसून हसून गाल दुखत असताना नीट विचार कुठला व्हायला! तू तसे करू नकोस. एकच नाव लिहिता येते, त्याने संधी कमी होते इतकेच. सही न करताही बाहेर पडता येते, आणि ज्या घरांत जागा उरतात ती नंतर अनौपचारिकरीत्या मुली घेतात. म्हणून ज्या घरात एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी, परीक्षेच्या तोंडावर, केस न विंचरता जेवायला बसावेसे वाटेल तेवढ्याच घराचे नाव लिही.

आता पैशांचे. पहिल्या सत्रात नव्या सदस्याला जास्तीचे शुल्क पडते, काही घरांत ठरावीक काळ तिथेच राहण्याची अट असते, आणि सक्तीचा कार्यक्रम चुकवला तर दंडही असतो. कर्ज मंजूर करून घेताना यातले काहीच आपण धरलेले नाही, आणि तुझ्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, तेही कॅम्पसवरच, काम करता येते. संकोच न करता पूर्ण वर्षाचा आकडा लेखी माग.

हेझिंगबद्दलही, म्हणजे मंडळात घेताना नव्या मुलींचा जो छळ होतो त्याबद्दलही, डोळे उघडे ठेव. रॅगिंग माहीत आहे आपल्याला. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. हेझिंग जास्त फसवे, कारण तिथे मुलगी आपण होऊन जाते आणि आत घ्यावे म्हणून सहन करते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यानुसार दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती विद्यापीठांना जाहीर करावी लागते. त्या अहवालात तुला आवडलेल्या घरांची नावे आधी शोध.

दक्षिण आशियाई मुलींच्या सोरॉरिटीही आहेत. ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनची कापा फाय गॅमा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सची सिग्मा सिग्मा ऱ्हो या तिन्ही १९९८ मधल्या, आणि त्या २६ मध्ये मोडत नाहीत. तुमच्याकडे यांपैकी कोणाची शाखा असेल तर जाऊन ये, पण केवळ देशी म्हणून भुलू नकोस. शुल्क आणि वेळेचे प्रश्न तिथेही हेच विचार.

जायचे की नाही हे तूच ठरव. तू "नको" म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही, आणि "हो" म्हणालीस तर बाबांची समजूत मी घालेन. शुल्काचा कागद मिळाला की त्याचा फोटो मला पाठव, आणि सहीच्या संध्याकाळी मन डळमळले तर इथे पहाट असली तरी फोन कर.

तुझी,
आई