अर्धा कोयता अधिक अर्धा कोयता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला गणितावरचा लेख वाचला. कालच लिहायला बसणार होते, पण लग्नाची तिथी तोंडावर आहे, रात्री अकरापर्यंत ब्लाउजांना हुक लावत बसले. म्हणून आज लिहिते. राग शिळा झालेला नाही.

लेखकमहाशय मोठे विद्वान दिसतात. भाषा चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण गणित काहींच्या रक्तातच असतं आणि ज्यांच्या नाही त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, असं जे शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, ते कुणाचं रक्त तपासून लिहिलं?

माझंच तपासा. मी दहावीला दोन वेळा गणितात गेले. तिसऱ्यांदा कशीबशी सुटले. आणि माझ्याच पोटची मुलगी संभाजीनगरला गणित घेऊन बी.एस्सी. करते. ते आपल्याकडून आलं असं आमचे मालक म्हणतात. त्यांना स्वतःच्या गाडीचा ॲव्हरेज अजून काढता येत नाही.

आता मी काय करते ते सांगते. बीडला माझं शिवणकामाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. छाती छत्तीस म्हटलं की चौथा भाग नऊ, त्यात माया दीड इंच, साडेदहा. सदतीस असेल तर सव्वानऊ. मुंढा, गळा, टक्स हे सगळं त्यातूनच निघतं. टेपवर दोन सूत म्हणजे पाव, हे मला कुणी फळ्यावर शिकवलं नाही. कापड एकदा कापलं की खोडता येत नाही, वहीतल्यासारखं नाही ते. गिऱ्हाईक समोर बसून गप्पा मारत असतं आणि माझ्या डोक्यात भागाकार चालू असतो. आता सांगा, माझ्या रक्तात गणित आहे का नाही?

खरी गोष्ट अशी की गणित मला नकोसं झालं ते एका विशिष्ट दिवशी. एप्रिल १९८८, पाचवीची परीक्षा. गाव धारूर तालुक्यातलं. शाळेचं आणि गुरुजींचं नाव लिहीत नाही. गुरुजी आता नाहीत, आणि मारकुटे तर मुळीच नव्हते.

आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रक यायचा. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मलाही जावं लागायचं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की पाडव्याच्या आसपास परत. म्हणजे पाचवीचं पुस्तक मी दिवाळीपर्यंतचं शिकले आणि एकदम परीक्षेला बसले. मराठीचं तसं जमून जायचं. मधले चार धडे बुडाले तरी पाचवा वाचता येतो. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आग्र्याला गेलेले कळले नाहीत तरी राज्याभिषेक समजतो. गणितात मधली पायरी गेली की पुढची चढता येत नाही. माझी गेलेली पायरी म्हणजे अपूर्णांक. छेद म्हणजे भोक एवढंच मला ठाऊक होतं, आणि लसावि ऐकलं की लसूण आठवायचा.

पेपरात गणित आलं : १/२ + १/२. मी वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि दोन चार, असं करून २/४ लिहिलं. निकालाच्या दिवशी गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं. म्हणाले, ''उसासंगं डोस्कं बी गाळपाला घातलं का गं?'' सगळी पोरं हसली. ज्यांनी बरोबर लिहिलं होतं तीही हसली आणि ज्यांनी माझ्यासारखंच लिहिलं होतं तीही.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. आमच्या टोळीत साडेनऊ कोयते होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (पुरवणीच्या लेखकांना बहुतेक माहीत नसावं) : नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. माझी विधवा आत्या अर्धा कोयता होती. ट्रकच्या किती खेपा झाल्या ते मी आमच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतून कोळशाने लिहायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. काट्याच्या (वजनाच्या) पावत्याही माझ्याकडेच असायच्या, कारण कोपीवर, म्हणजे आमच्या झोपड्यांच्या तळावर, अक्षरओळख असलेली मी एकटीच. एकदा पंधरवड्याच्या हिशेबात मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत दोन खेपा कमी निघाल्या. दादा, म्हणजे माझे वडील, काही बोलेनात, उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या माणसाला बोलता येत नाही. मीच पेटीचं झाकण उघडून पुढं धरलं आणि म्हणले, ''मुकादम मामा, दोन खेपा राह्यल्यात.'' त्यांनी पावत्या बघितल्या, दोन खेपा धरल्या आणि हसून म्हणाले, ''ही मास्तरीण होती बघा.''

मग वाटणी. साडेनऊ कोयत्यांत पैसे वाटायचे कसे? आत्यानंच दाखवलं होतं. एकोणीस वाटे करायचे, जोडप्याला दोन, तिला एक. पुढच्या साली आत्याचा थोरला हाताखाली आला तेव्हा मुकादमाने वहीत दहा कोयते लिहिले. अर्धा आणि अर्धा एक. कोपीवरच्या शेंबड्या पोरालाही ते विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आणि मी शाळेत २/४ लिहून आले होते!

हे एकोणीस वाटे म्हणजेच छेद समान करणं, हे मला मुलीनं सांगितलं, तीसेक वर्षांनी, कटिंगच्या टेबलावर खडूने लिहून. शिवाय २/४ म्हणजे अर्धाच, म्हणजे माझ्या उत्तराप्रमाणे अर्ध्यात अर्धा मिळवला तरी अर्धाच राहतो, हेही तिनंच दाखवलं. गुरुजींनी त्या दिवशी एवढं एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. ''तुझी आत्या किती कोयता गं?'' एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण शाळेत कोयत्याचं नाव काढायचं नसतं, अशी समजूत त्यांचीही होती आणि माझीही.

मुलगी म्हणते हे माझ्या एकटीचंच नाही. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी इतरांबरोबर कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अभ्यास केला, तो २०२५ साली छापून आला. ही मुलं सौद्याचे अवघड हिशेब तोंडी करतात, पण तसलंच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिलं की अडतात. आणि शाळेत शिकणारी मुलं नेमकी उलटी, कागदावर येतं त्यांना, बाजारात अडखळतात. बीडच्या मोंढ्यात कुणी आलं असतं तर चहाच्या पैशात सांगितलं असतं, पण असो, शिक्का लागला ते बरं झालं.

भीतीचंही तसंच. आकडे मनात धरून ठेवायची जागा मुळातच थोडी असते, त्यात भीती येऊन बसली की आकड्यांना जागा उरत नाही, हे मानसशास्त्रवाल्यांनी तपासलेलं आहे म्हणे. मला ते वेगळं सांगायची गरज नाही. दहावीच्या पेपरात पहिल्याच प्रश्नात अपूर्णांक दिसला की मला उसाचं गाळप ऐकू यायचं.

काही लेकरांना आकड्यांचीच खरी अडचण असते, ते मी नाकारत नाही. डिसकॅल्क्युलिया म्हणतात त्याला, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात त्याचं नाव आहे. त्यांना सवलत मिळालीच पाहिजे. पण लेखकमहाशयांनी त्या लेकरांना आणि आमच्यासारख्या दिवाळी ते पाडवा गैरहजर असणाऱ्यांना एकाच गोणीत भरलं आहे.

भाषेचंही बघा. माझ्याकडे शिकाऊ मुलगी आहे, हुशार आहे. गिऱ्हाइकाने छाती एकोणचाळीस सांगितली, हिने चाळीस ऐकलं, चार लिहिला, एकोण म्हणून पुढे नऊ लिहिला. एकोणपन्नास! पावणेदहाच्या जागी सव्वाबारा कापलं. ब्लाउज कसला, झबलं झालं. कापडाचे पैसे मी भरले. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला ''वीस एक, वीस दोन'' आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने गणिताच्या पुस्तक समितीच्या मंगलाताई नारळीकरांची चेष्टा केली. मीसुद्धा हसले होते, खोटं कशाला बोलू. त्या झबल्यानंतर हसले नाही.

आणि २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात आलेलं ते दहावीच्या गणित-विज्ञानाला पस्तीसच्या जागी वीस गुण. वीस मिळाले तरी पुढं ढकलायचं आणि गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. ब्लाउज बसत नाही म्हणून टेपच आखूड करून मापायचं, असला हा प्रकार. आमच्याकडची लेकरं अजूनही ट्रकमध्ये बसून जातात. त्यांचा अपूर्णांकाचा धडा कोण घेणार, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

गणिताची आवड कशी लागते तेही मी घरातच बघितलंय. मुलगी सहावीत असताना कुठूनतरी कापरेकरांचं ऐकून आली. देवळालीच्या शाळेतले मास्तर, परदेशात नाव झालेले. कुठलेही चार आकडे घ्यायचे, सगळे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान लावायचे, मग उलटे लावायचे, वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. मी माझं पाचवीचं साल दिलं, १९८७. ९८७१ वजा १७८९, ८०८२. मग ८८२० वजा २८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. म्हणली, ''आई, आता कितीबी कर, ह्येच येतंय.'' मी दुसरे चार आकडे घेतले, मग गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांचे शेवटचे चार घेतले. दर वेळी ६१७४. त्या दिवशी पीकोच्या तीन साड्या तशाच राहिल्या. चुकलं तर कुणी वाचून दाखवणारं नव्हतं, म्हणून जमलं असावं.

एवढं सगळं लिहिलं, छापा किंवा छापू नका. पण एक दुसरी गोष्ट आहे, ती मात्र कृपया व्यवस्थापकांपर्यंत पोचवा. मी कटिंगचे नमुने तुमच्याच पेपरच्या रद्दीवर काढते, कागद चिवट आहे. पूर्वी एका जोडपानावर पाठीचा भाग, पुढचा भाग आणि बाही, तिन्ही बसायचं. आता बाही बाहेर राहते. मी जुना अंक आणि कालचा अंक टेप लावून मोजला, रुंदी दोन इंचाहून जास्त कमी भरली. किंमत मात्र त्या जुन्या अंकापेक्षा जास्त आहे. पान कधीपासून लहान केलं ते छापलं होतं का? माझ्या वाचनात नाही. असेल तर अंकाची तारीख कळवावी.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
बीड
(नाव-पत्ता पाकिटात वेगळा लिहिला आहे, छापू नये.)