अंधारातला मूग

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांबणार आहे, कापायचं असेल तर शेवटून कापू नका, मुद्दा तिथे आहे.

माझा पोरगा सातवीत आहे, इथेच नागपुरात. जुलैत त्याला सायन्सचा प्रोजेक्ट होता, बी रुजायला आणि वाढायला काय काय लागतं ते करून बघा आणि निरीक्षण लिहा. आता हे प्रोजेक्ट कसे होतात ते सगळ्या आयांना ठाऊक आहे, रात्री साडेनऊला आठवतं, मग चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट, चार्टपेपर, ग्लिटर पेन आणि निरीक्षण यूट्यूबवरून. यावेळी मी ऑडिटमध्ये अडकले होते म्हणून (मोठेपणा नाही, खरंच वेळ नव्हता) म्हटलं तुझं तू कर. त्याने दोन वाट्यांत ओला कापूस पसरून मूग टाकले, एक वाटी गॅलरीत आणि दुसरी माझ्या साड्यांच्या कपाटात. सहा दिवस रोज संध्याकाळी कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजत होता, कपाटातल्या साडीवर पाणी सांडलं ते वेगळंच.

सहाव्या दिवशी गॅलरीतला मूग पाच सेंटिमीटर आणि कपाटातला अकरा. त्याने वहीत लिहिलं, अंधारातला मूग उजेडातल्यापेक्षा जास्त वाढला. वही परत आली तर त्या ओळीवर लाल पेनने काट आणि खाली शेरा, चूक, वाढीसाठी सूर्यप्रकाश आवश्यक, पुन्हा लिहा. बाजूच्या पोराने प्रिंट चिकटवली होती त्याला दहापैकी दहा. आमच्या साहेबांनी गपचूप तेच उतरवून दिलं आणि मार्क घेतले. घरी येऊन मला एवढंच म्हणाला, आई पण मी पट्टीने मोजलं होतं गं.

मी शाळेचं नाव लिहीत नाही, कारण शाळा कुठलीही असती तरी बहुतेक हेच झालं असतं. बाईंना एकेका वर्गात साठ पोरं, त्या तरी किती वाट्या बघणार.

रविवारी त्याने गावी आबाजींना फोन लावला. माझे वडील, ब्रह्मपुरी तालुक्यात धानाची शेती, शाळा चौथीपर्यंत. ते आधी खूप हसले आणि मग म्हणाले, अरे, पऱ्हे (म्हणजे रोवणीआधीची धानाची रोपं) दाट पडले का तेच होते ना, एकमेकाच्या सावलीत उंच धावतेत, पिवरे अन् बारीक, अन् रोवले का आडवे. उंची नोको पाहू, बूड पाय (पाहा). आता ते वाटी उजेडात आणून ठेव अन् दोन दिवस पाय काय होते ते.

दोन दिवसांत कपाटातल्या मुगाची पानं हिरवी झाली पण दांडे वाटीच्या काठावरून खाली लोंबत होते ते उठले नाहीत. गॅलरीतला बुटका मात्र ताठ उभा. म्हणजे पुस्तक पण बरोबर होतं आणि पट्टी पण बरोबर होती. अंधारात रोपटं बियातली शिल्लक सगळी उंचीवर उधळतं, कुठेतरी उजेड सापडेल या आशेवर, आणि आपण त्या उंचीलाच वाढ म्हणून बसलो. हे त्याला कळलं, खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं, बीएस्सी होऊन. लाल पेनाच्या जागी "अजून दोन दिवस बघ" एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं.

यावरून मला आमच्याकडचे दादाजी खोब्रागडे आठवतात. गाव नांदेड, पण मराठवाड्यातलं नाही, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं. शिक्षण तिसरी, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांना त्यांच्या पटेल ३ वाणाच्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर दाण्याच्या. धानात असं काही निघालं तर त्याला भेसळ म्हणतात, बियाण्याचा प्लॉट असेल तर उपटून फेकतात आणि त्यात चूक काही नाही, पुस्तकात तसंच आहे. या माणसाने त्या तीन लोंब्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, परत बघितलं, परत पेरल्या, असं करत करत काही वर्षांनी बारीक दाण्याचा आणि भात चांगला होणारा धान हाती आला. त्याला नाव काय द्यायचं तर तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती म्हणून व्यापाऱ्याने एचएमटी ठेवलं. आज नागपुरात किराणावाल्याला नुसतं एचएमटी द्या म्हटलं की तो तांदूळच काढून देतो, माणूस कोण ते मात्र दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. दादाजींनी नंतरही बरेच वाण काढले, फोर्ब्स मासिकाने २०१० मध्ये त्यांची दखल घेतली, २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. श्रेयाचं आणि पैशाचं काय झालं तो विषय इथे काढत नाही, डोकं फिरतं.

मला त्यातली फक्त एक गोष्ट सांगायची आहे. तीन लोंब्या एका दिवसात दिसतात, पण त्या वेगळ्या आहेत हे कळायला आधी त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कित्येक वर्षं वाकलेलं असावं लागतं, आणि दिसल्यावर खरंखोटं करायला अजून काही वर्षं.

नाहीतर नुसता अनुभव पण दगा देतो हं. आमच्या शेजारचे काका चाळीस वर्षं शेती करतात आणि चाळीस वर्षं युरिया ओततात, कारण पाचव्या सहाव्या दिवशी बांधी काळीभोर हिरवी दिसते आणि मन खूश होतं. मग तुडतुडा ही कीड तिथेच जास्त बसते आणि वारा आला की धान तिथेच लोळतो, पण ते खापर ते पावसावर फोडतात. आबाजींनी एक वर्ष अर्ध्या बांधीत युरिया कमी टाकून दोन्ही बाजू बघितल्या. काकांनी ती बांधी बघितलीच नाही, बांधावरून रोज जात होते तरी.

आता मुद्दा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी दहा दिवस दप्तराविना असं आहे, सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन काम शिकायचं. कल्पना एकदम चांगली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रमात हे १९८३ पासूनच सुरू केलं, पोरं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, कोंबड्या पाळतात. पण शहरातल्या शाळेत हे दहा दिवस कसे जातील ते मला आत्ताच दिसतंय, एक बस, एक नर्सरी, टोप्या, ग्रुप फोटो, आणि दुसऱ्या दिवशी "माझी क्षेत्रभेट" निबंध. कुंभाराकडे एक तास उभं राहून चाक फिरताना दिसतं फक्त, मडकं भट्टीत का तडकलं ते दिसत नाही, त्याला परत जावं लागतं.

म्हणून माझी विनंती आहे की हे दहा दिवस सलग घेऊ नका आणि दहा ठिकाणी पण नेऊ नका. एकच जागा धरा आणि वर्षभरात दहा वेळा जा. धान घ्या, आपल्या भागात काही कमी नाही. जूनमध्ये पऱ्हे टाकताना एकदा, जुलैत रोवणीला दोनदा, ऑगस्टमध्ये निंदणाला, मग पोटरीवर आल्यावर (लोंबी आत भरते तेव्हा), निसवल्यावर (ती बाहेर पडल्यावर), कीड दिसली तर मधेच एकदा, कापणीला, चुरण्याला म्हणजे मळणीला आणि शेवटी भात शिजवून खायला. प्रत्येक पोराला चार चुडांचा (रोवलेल्या रोपांच्या जुड्यांचा) तुकडा द्या, त्याचा तो. कोणाचा धान मेला तर मेला, त्याला मार्क कमी करू नका, का मेला ते विचारा. आणि कृपा करून आईबापांना व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायला लावू नका.

जमीन कुठून आणायची म्हणाल तर आबाजी आमच्या बांधीचा एक कोपरा द्यायला तयार आहेत, मी विचारूनच लिहितेय. ब्रह्मपुरी नागपूरहून लांब पडतं, पण त्या भागातल्या शाळांना जमेल. बस बांधापर्यंत येत नाही, शेवटचं थोडं अंतर चिखलातून चालावं लागतं, तेवढं बूट न घालता पाठवा.

आपली नियमित वाचक,
एक आई, नागपूर